'आधी टुरिस्ट म्हणून जा' म्हणणाऱ्या एजंटाला पैसे देऊ नकोस

प्रिय ताई,

मी डोंबिवलीला राहते, वय २८. दहावीपर्यंत मराठी माध्यम, नंतर इंग्रजी घेऊन मुंबई विद्यापीठातून बी.ए. गेली चार वर्षं ठाण्यातल्या एका क्लासमध्ये स्पोकन इंग्लिश शिकवते. पगार २२ हजार. शिकवणं मला मनापासून आवडतं आणि आता बाहेरच्या देशात जाऊन इंग्रजी शिकवायची इच्छा आहे. अंधेरीचा एक एजंट थायलंडमध्ये शाळेत लावून देतो म्हणतोय. १ लाख ८० हजार मागतोय, निम्मे आधी. 'आता टुरिस्ट म्हणून जा, तिथे पोचल्यावर व्हिसा बदलून देऊ' असं त्याचं म्हणणं. १२० तासांचं टीईएफएल (परकी भाषा म्हणून इंग्रजी शिकवण्याचं) सर्टिफिकेटही तोच देणार आहे. काका म्हणतात, तिकडे गोऱ्यांनाच घेतात, तुझं मराठी मीडियम कोण विचारतंय. आईला काळजी वाटते, तिचा सूर लग्नाचाच. बाबा मात्र पीएफमधून पैसे काढायला तयार आहेत. काय करू?

– स., डोंबिवली

प्रिय स.,

आधी तातडीचं सांगते. बाबांना पीएफचा अर्ज भरू देऊ नकोस आणि त्या एजंटाला एक रुपयाही देऊ नकोस. बाकीचं सगळं सावकाश बोलू, पण हे आजच घरात सांगून टाक.

पर्यटक म्हणून थायलंडमध्ये शिरून तिथे शिकवणं हा तिथल्या कायद्याने गुन्हा आहे. पकडली गेलीस तर दंड, हकालपट्टी आणि पुढच्या प्रवेशावर बंदी, हे सगळं तुझ्या पासपोर्टवर येईल, एजंटाच्या नाही. नोकरीसाठी जाणाऱ्याला 'नॉन-इमिग्रंट बी' व्हिसा लागतो. नेमणूक करणारी शाळा कागदपत्रं पाठवते, त्यावर तू इथे मुंबईतल्या थाई वाणिज्य दूतावासाकडे अर्ज करतेस आणि तिथे पोचल्यावर शाळा तुझं वर्क परमिट काढते. काही वेळा तिथे गेल्यावरही व्हिसाचा प्रकार बदलून मिळतो, हे खरं आहे. पण त्यालाही शाळेचीच कागदपत्रं लागतात. मग ती कागदपत्रं आज का नाहीत? शाळेचं नाव काय, कुठल्या प्रांतात आहे, मुख्याध्यापक कोण, हे तुझ्या पत्रात कुठेच नाही. तू लिहायला विसरलीस असं मला वाटत नाही. त्याने सांगितलेलंच नसणार.

२०२३ च्या नोव्हेंबरपासून थायलंडने भारतीय पर्यटकांना व्हिसाशिवाय प्रवेश द्यायला सुरुवात केली आणि अशा एजंटांचं फावलं. आधी निदान व्हिसाच्या खिडकीवर कोणीतरी विचारायचं, कशाला जाताय म्हणून. त्याच्याही आधी, सप्टेंबर २०२२ मध्ये, आपल्या परराष्ट्र मंत्रालयाने जाहीर इशारा दिला होता. थायलंडमध्ये चांगल्या पगाराची नोकरी म्हणून नेलेल्या तरुणांना सीमेपलीकडे म्यानमारमध्ये नेऊन ऑनलाइन फसवणुकीच्या अड्ड्यांवर कामाला जुंपलं जात होतं. ती आमिषं आयटी आणि डिजिटल मार्केटिंगच्या नोकऱ्यांची होती, शिक्षकांची नव्हती. तुझा एजंट त्यातला आहे असंही मी म्हणत नाही. पण ज्या मुलीच्या हातात शाळेचं पत्र नाही आणि पासपोर्टवर नोकरीचा व्हिसा नाही, ती बँकॉकच्या विमानतळावर उतरल्यावर जो गाडी घेऊन येईल त्याच्यावर सर्वस्वी अवलंबून असते. तुला मी त्या जागी बघू शकत नाही.

पैशाचंही ऐक. परदेशातल्या नोकरीसाठी भरती करणाऱ्या एजंटाला १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखाली नोंदणी करावी लागते आणि तो उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये अधिक जीएसटी एवढंच सेवाशुल्क घेऊ शकतो, तेही पावती देऊन. हा माणूस सहापट मागतोय. सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदणीकृत एजंटांची यादी आहे, त्यात त्याच्या फर्मचं नाव शोध. प्रत्यक्ष विचारायचं असेल तर बीकेसीला, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलात, विदेश भवन आहे. २०१७ मध्ये ते सुरू झालं तेव्हा पासपोर्ट कार्यालय आणि प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्सचं, म्हणजे परदेशी नोकरीला जाणाऱ्यांच्या संरक्षणासाठी असलेल्या सरकारी अधिकाऱ्याचं, कार्यालय एकाच इमारतीत आलं. बाबांना सोबत घेऊन एक सकाळ तिथे जा. एजंटाने आणखी गळ घातली तर त्याच्याकडे शाळेचं नेमणूकपत्र आणि स्वतःचा नोंदणी क्रमांक लेखी माग, व्हॉट्सॲपवर चालेल. खरा एजंट पाच मिनिटांत पाठवेल.

आता काकांचं. त्यांचं बोलणं टोचलं असेल, पण त्यात अर्धं सत्य आहे आणि ते तुला नीट माहीत असायला हवं, म्हणजे चुकीच्या दारावर वर्षं जाणार नाहीत. दक्षिण कोरियात इंग्रजी शिकवण्याचा ई-२ व्हिसा मुळात सात देशांच्या नागरिकांसाठी आहे: अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, आयर्लंड आणि दक्षिण आफ्रिका. भारताशी झालेला आर्थिक करार २०१० मध्ये लागू झाला, त्यातून भारतीय शिक्षकांसाठी एक फट उघडली, पण त्यासाठी इंग्रजीच्या पदवीबरोबर शिक्षकाची रीतसर पात्रता लागते, म्हणजे आपल्याकडचं बी.एड. चीनमध्येही सर्वसाधारण नियम इंग्रजीभाषक देशांच्या पासपोर्टचाच आहे. शिवाय २०२१ मध्ये तिथल्या सरकारने खासगी शिकवण्यांवर निर्बंध आणल्यावर त्या बाजारातल्या नोकऱ्या झपाट्याने आटल्या. जपानमध्ये अडचण वेगळीच. शाळेत इंग्रजी शिकवायचा व्हिसा हवा तर तुझं किमान १२ वर्षांचं शिक्षण इंग्रजीतून झालेलं असावं लागतं. मराठी माध्यमातून दहावी झालेल्या मुलीला ते जमवता येत नाही, मग तिचं इंग्रजी कितीही अस्खलित असो. या तीन देशांच्या जाहिरातींवर वेळ घालवू नकोस. तिथून नकार आला तर तो तुझ्या इंग्रजीला नसेल, पासपोर्टला किंवा शाळेच्या दाखल्याला असेल.

ही वागणूक न्याय्य आहे का? अजिबात नाही. इंग्रजी शिक्षकांच्या 'टीसॉल' या आंतरराष्ट्रीय संघटनेने २००६ मध्येच जाहीर भूमिका घेतली की जन्माने इंग्रजीभाषक नसलेल्या शिक्षकांशी नोकरीत भेदभाव करू नये. तरी जाहिरातीत 'नेटिव्ह स्पीकर' लिहिणारे लिहितातच. थायलंडमध्ये फिलिपिनो आणि भारतीय शिक्षक मोठ्या संख्येने आहेत आणि पुष्कळ शाळांत त्यांना त्याच कामासाठी गोऱ्या सहकाऱ्यांपेक्षा कमी पगार मिळतो. हे गृहीत धरून जा, म्हणजे पहिल्याच महिन्यात मन खट्टू होणार नाही.

तुझ्यासाठी खरे पर्याय थायलंड आणि व्हिएतनाम. दोन्हीकडे पदवी लागते, ती तुझ्याकडे आहे, आणि तीही इंग्रजीतली. व्हिएतनाममध्ये वर्क परमिटसाठी पदवीबरोबर अध्यापनाचं प्रमाणपत्र, पोलिसांचा दाखला आणि वैद्यकीय तपासणी लागते. थायलंडमध्ये तिथल्या शिक्षक परिषदेकडून, म्हणजे खुरुसफाकडून, शाळेला तुझ्यासाठी तात्पुरती परवानगी घ्यावी लागते आणि इंग्रजीभाषक देशातून न आलेल्या उमेदवाराकडे टोइक किंवा आयईएल्ट्ससारख्या इंग्रजीच्या परीक्षेचे गुण मागतात. टोइकचा ६०० हा आकडा तुला बऱ्याच जाहिरातींत दिसेल. तुला तो अवघड नाही. मालदीवमधल्या शाळा आणि आखातातल्या सीबीएसई शाळाही भारतीय शिक्षक घेतात, पण तिथे पहिला प्रश्न बी.एड.चा असतो. हे काम तुला दोन वर्षांची हौस म्हणून करायचं नसेल, पुढची वीस वर्षं करायचं असेल, तर बी.एड. कधीतरी करावंच लागेल. आत्ता लगेच कर असं मी म्हणणार नाही. दोन वर्षांचा कोर्स आहे तो, आणि आधी तुला हे काम परक्या वर्गात आवडतंय का ते बघ.

आता सर्टिफिकेट. १२० तासांचं ऑनलाइन टीईएफएल एजंटच देणार म्हणतोय. अशा कोर्सात व्हिडिओ बघायचे, प्रश्नांना टिकमार्क करायचे आणि शेवटी पीडीएफ डाउनलोड करायचं, असं बहुतेक असतं. व्हिसाच्या फाइलीत एक कागद वाढतो, बस. तुला वर्गात उभं राहून शिकवताना कोणी बघत नाही आणि नंतर बाजूला बसवून 'इथे मुलं गप्प का झाली?' असं विचारत नाही. केंब्रिजचा सेल्टा आणि ट्रिनिटीचा सर्टटीसॉल या इंग्रजी शिक्षकांच्या प्रशिक्षण कोर्सांमध्ये नेमकं तेच होतं. दोन्हींत किमान सहा तास खऱ्या विद्यार्थ्यांना शिकवावं लागतं, प्रशिक्षक मागे बसून बघतो आणि लगेच प्रतिक्रिया देतो. पूर्ण वेळ केलं तर चार-पाच आठवड्यांत होतं, ऑनलाइनही करता येतं. प्रवेशाआधी लेखी काम आणि मुलाखत असते. खर्च लाखाच्या वर जातो, ही साधी रक्कम नाही. पण बाबांना खरंच पैसे घालायचे असतील तर मी ते इथे घालायला सांगेन. तेवढी ऐपत नसेल तर हैदराबादच्या इफ्लूचे, म्हणजे इंग्रजी आणि परकीय भाषा विद्यापीठाचे, इंग्रजी अध्यापनाचे दूरशिक्षण अभ्यासक्रम बघ. १९५८ मध्ये सुरू झालेली ही संस्था इंग्रजीचे शिक्षक तयार करण्यासाठीच निघाली होती.

माझा एवढा आग्रह का, ते तुझ्याच क्लासचं उदाहरण घेऊन सांगते. ठाण्यात तू फळ्यावर लिहितेस, 'आय हॅव लॉस्ट माय की'. मग म्हणतेस, 'म्हणजे माझी किल्ली हरवली आहे, अजून सापडलेली नाही.' मुलं माना डोलावतात, वहीत उतरवतात, पुढचं वाक्य. थायलंडमधल्या चियांग माईच्या वर्गात तुझं हे दुसरं, मराठी वाक्य कोणाला कळणार? तिथे समोर तीस मुलं, त्यांची भाषा तुला येत नाही, तुझी त्यांना येत नाही. मग काय करशील? दाराशी जायचं, कुलूप उघडायचा अभिनय करायचा, खिसे चाचपायचे, पर्स टेबलावर उलटी करायची, चेहऱ्यावर चिंता आणायची आणि म्हणायचं, 'आय हॅव लॉस्ट माय की.' मग विचारायचं, किल्ली आत्ता माझ्याकडे आहे का? मुलं म्हणतील, नो. कधी हरवली, माहीत आहे का? नो. फळ्यावर एक आडवी रेघ, डावीकडे भूतकाळ, उजवीकडे 'आत्ता', आणि मधे कुठेतरी एक प्रश्नचिन्ह. मग त्याखाली 'आय लॉस्ट माय की यस्टरडे' आणि प्रश्नचिन्हाच्या जागी एक फुली. आता मुलांनी एकमेकांच्या वस्तू लपवायच्या आणि वाक्यं बोलायची. तू गप्प राहून फिरायचं आणि ऐकायचं.

हे दिसायला सोपं वाटतं. पण कोणते प्रश्न विचारायचे हे आधी ठरवलेलं नसलं तर माणूस अडखळतो आणि समजावून सांगायला लागतो, सोप्या इंग्रजीतून अवघड व्याकरण. वर्ग हातातून जातो. मुलाखतीत बहुतेक शाळा दहा-पंधरा मिनिटांचा डेमो घेतात, हल्ली व्हिडिओ कॉलवरच. तुझे उच्चार कसे आहेत यापेक्षा त्या वेळात तू किती बोललीस आणि समोरचा किती बोलला, हे चांगली शाळा बघते. आपल्याकडच्या क्लासमध्ये चार वर्षं काढलेल्या शिक्षिकेची सगळ्यात घट्ट सवय सतत बोलत राहायची असते. ती मोडायला वेळ लागतो, म्हणून आजपासून सुरुवात कर. आठवड्यातला एक तास मराठी-हिंदीचा एकही शब्द न वापरता घे आणि मोबाइलवर रेकॉर्ड कर. त्याहून चांगलं म्हणजे तुझी भाषा येतच नाही असा विद्यार्थी शोध. मुंबईत तो मिळतो. पवईला जपानी कुटुंबं राहतात, त्यांच्या मुलांची शाळाच तिथे आहे. नवऱ्याच्या बदलीमुळे इथे आलेल्या अशा बायकांपैकी कोणाला ना कोणाला रोजच्या व्यवहाराचं इंग्रजी शिकायचंच असतं. डोंबिवलीहून पवई लांब आहे, मान्य. कांजूरमार्गला उतरून पुन्हा बस पकडायची. पण शनिवारचे दोन तास तिथे घातलेस तर सहा महिन्यांत तुझ्या शिकवण्यात जो फरक पडेल तो तुझा तुलाच दिसेल, आणि बायोडेटात लिहायला खरा अनुभवही येईल.

तुझं मराठी माध्यम जपानच्या व्हिसाला आड येतं, पण वर्गात ते तुझं बळ आहे. इंग्रजीतले 'ए', 'ॲन', 'द' कुठे लावायचे हे तू आठवी-नववीत घोकून, चुकून, मार्क घालवून शिकलीस, कारण मराठीत ते नाहीत. थाई भाषेतही नाहीत, व्हिएतनामीतही नाहीत. तिथलं मूल 'आय सी डॉग' म्हणेल तेव्हा ते असं का म्हणतंय, हे तुला कोणी समजावून सांगायची गरज पडणार नाही. मुलाखतीत ही गोष्ट लपवू नकोस, स्वतःहून सांग: मी इंग्रजी दुसरी भाषा म्हणून शिकले, म्हणून ते शिकताना माणूस कुठे अडतो हे मला ठाऊक आहे. उच्चारांवर काम मात्र कर. आपल्या मराठी तोंडात इंग्रजीचे 'व्ही' आणि 'डब्ल्यू' सर्रास एक होतात. 'व्ही'ला वरचे दात खालच्या ओठाला लागतात, 'डब्ल्यू'ला ओठ गोल होतात. आरशासमोर रोज थोडा वेळ दे.

नोकरी कधी शोधायची? थायलंडचं शालेय वर्ष मेच्या मध्यावर सुरू होतं आणि दुसरं सत्र नोव्हेंबरच्या सुमारास. त्यामुळे फेब्रुवारी ते एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबर हे भरतीचे महिने. शाळेला स्वतःच लिही, मधे एजंट लागतोच असं नाही. करार हातात आला की पगाराच्या आकड्याआधी एक गोष्ट बघ: पगार बारा महिन्यांचा आहे की दहा? थायलंडमध्ये दहा महिन्यांचे करार खूप चालतात, सुट्टीचे दोन महिने बिनपगारी, आणि घरभाडं मात्र चालूच. आठवड्याला प्रत्यक्ष तास किती, राहायची सोय कोणाची, वर्क परमिटचा खर्च कोण देणार, हेही लेखी हवं. पासपोर्ट शाळेने ठेवून घ्यायचा असं कुठे लिहिलेलं दिसलं तर सही करू नकोस.

कागदपत्रांना लोक सगळ्यात शेवटी हात घालतात आणि तिथेच अडकतात. तुझ्याकडे पदवीचं मूळ प्रमाणपत्र आहे का, की फक्त मार्कशीट? पुष्कळांनी पदवीदानानंतरचं प्रमाणपत्र आणलेलंच नसतं. नसेल तर कॉलेजात चौकशी कर, गरज पडली तर कलिन्याला विद्यापीठात जाऊन ये. आपल्या प्रमाणपत्रांवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव असतं आणि पासपोर्टवर क्रम वेगळा, कधी मधलं नाव गायब. परक्या देशातल्या कारकुनाला ती दोन वेगळी माणसं वाटतात. तुझी नावं जुळतात का ते आजच शेजारी ठेवून बघ. पदवीवर राज्य सरकारची पडताळणी आणि मग परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का लागतो. नुसतं अपोस्टिल, म्हणजे परदेशात कागद ग्राह्य धरावा म्हणून परराष्ट्र मंत्रालय देतं ते प्रमाणीकरण, चालतं की त्या देशाच्या दूतावासाचा शिक्काही हवा, हे देशावर अवलंबून आहे, म्हणून शाळेला विचारूनच सुरुवात कर. अपोस्टिलची सरकारी फी कागदामागे ५० रुपये आहे, त्यावर संकलन करणाऱ्या अधिकृत कंपनीचं थोडं शुल्क. कोणी हजारो रुपये सांगितले तर ते कशाचे, हे विचार. पोलिसांचा दाखला पासपोर्ट सेवा केंद्रातून ५०० रुपयांत मिळतो, पण तो ताजा लागतो, त्यामुळे नोकरी पक्की झाल्यावरच काढ.

राहता राहिली आई. तिच्याशी लग्नावरून वाद घालू नकोस. एकटी मुलगी, अनोळखी देश आणि शाळेचं नाव सांगायला तयार नसलेला माणूस, हे बघून कुठलीही आई घाबरेल, आणि या वेळी तिची भीती रास्त होती हेही तिला मोकळेपणाने सांग. पुढे खऱ्या शाळेचं पत्र येईल तेव्हा त्या शाळेला एक विनंती कर: तिथे आधीपासून शिकवत असलेल्या भारतीय किंवा फिलिपिनो शिक्षिकेशी व्हिडिओ कॉल लावून द्या. पगार वेळेवर होतो का, खोली कशी आहे, रात्री बाजारात एकटं जाता येतं का, जेवणाचं काय, हे प्रश्न तिला विचार. आईला शेजारी बसव आणि तिचे प्रश्न तिला हिंदीत नाहीतर मराठीत विचारू दे, तू इंग्रजीत सांग.

तुझी,
ताई